‘होय’ची बेरीज



पावसाळ्यांत धाराशिव जिल्ह्यांतील शेतकरी सकाळीं उठून पहिला प्रश्न विचारतो तो हा, कीं काल पाऊस झाला काय? शेजारी ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणतो. कचेरीच्या वहीस मात्र एवढ्यानें भागत नाहीं. तिला मिलिमीटरांचा आंकडा हवा असतो. एक उत्तर होकाराचें, दुसरें मापाचें. या दोहोंचें नातें काय, हा प्रश्न संगणकाच्या भाषा रचणारांसही सोडवावा लागला.

होकार-नकाराचें गणित जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञानें १८५४ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें. विधान खरें असल्यास १ आणि खोटें असल्यास ०, अशी खूण त्यानें योजिली. संगणकाच्या भाषांत या दोन मूल्यांच्या जातीस त्याचेंच नांव आहे. ‘जावा’ भाषेंत ही जात आंकड्यांहून अगदीं वेगळी. तेथें ‘होय’मध्यें ‘होय’ मिळवितां येत नाहीं. ‘पायथन’ भाषेंत तसें नाहीं. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें ही भाषा १९९१ सालीं लोकांपुढें ठेवली, तेव्हां तींत ही निराळी जात नव्हती. लोक १ आणि ० यांवरच काम भागवीत. २००३ सालच्या आवृत्तींत ती आली, परंतु जुने लेख मोडूं नयेत म्हणून ती पूर्णांकांच्याच पोटीं घातली गेली. म्हणून पायथनमध्यें ‘होय’ हें एकाबरोबर, आणि ‘होय’ अधिक ‘होय’ म्हणजे दोन.

ही सोय मोठी आहे. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणें ज्या दिवशीं २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडतो, तो पावसाचा दिवस. जिल्ह्यांत तालुके आठ. समजा, एके दिवशींचे आंकडे १२, ३, २, ०, ६, ३१ आणि ४ असे आले, आणि आठव्या तालुक्याचें पर्जन्यमापक कोणी वाचलेंच नाहीं. आलेल्या सात आंकड्यांबाबत ‘पाऊस २.५ किंवा अधिक आहे काय?’ असें विचारून उत्तरांची बेरीज केली, तर ५ येते. निराळी मोजणी नको.

परंतु घाईनें कोणी नुसतेंच ‘पाऊस आहे काय?’ असें विचारलें, तर? यंत्र शून्याखेरीज प्रत्येक आंकड्यास ‘होय’ समजतें. मग २ मिलिमीटरचा शिडकावाही पावसांत जमा होतो आणि बेरीज ६ होते. उलट ‘आंकडा होय बरोबर आहे काय?’ असें विचारल्यास १२ लाही नकार मिळतो. कारण ‘होय’ बरोबर केवळ १. खरें मानणें निराळें आणि ‘होय’शीं समान असणें निराळें.

याहून घातक चूक आठव्या तालुक्याची. जेथें नोंदच नाहीं तेथें पायथनमध्यें ‘नन’ हें मूल्य लिहितात, आणि होकार-नकाराच्या कसोटीस लावतांच तें नकारांत जाऊन बसतें. शून्य पाऊस आणि न घेतलेलें माप एकाच पंक्तीस बसतात! सोयाबीन सुकत असतां किती दिवस कोरडे गेले हें ठरवावयाचें असेल, तेव्हां न वाचलेलें माप कोरडा दिवस म्हणून मोजलें जातें. कदाचित् तेथें मुसळधार पाऊसही झाला असेल. तेंच ‘नन’ २.५ शीं ताडून पाहूं गेल्यास आजचें पायथन चूक दाखवून थांबतें. त्या थांबण्याचा राग मानूं नये. तो सावधपणाचा इशारा होय.

तात्पर्य इतकेंच, कीं ‘होय’ची बेरीज जरूर करावी, पण आधीं प्रश्न नीट विचारावा. आणि ‘नाहीं’ व ‘माहीत नाहीं’ यांस वहींत वेगवेगळे रकाने ठेवावे.