भिंत नसलेली वसाहत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील कुटुंबांसाठी एक स्वतंत्र वसाहत उभारावी, अशी सूचना मंडळापुढे विचारार्थ आली आहे. तिच्यावर मत देण्यापूर्वी मुंबईतील एका जुन्या वसाहतीची हकीकत आपणांपुढे ठेवावी, एवढाच माझा हेतू आहे. ती वसाहत म्हणजे दादरची पारशी कॉलनी.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. मांडवीसारख्या दाट वस्तीत, जेथे घरांत ना उजेड ना वारा, तेथे तिने प्रथम थैमान घातले. त्या आपत्तीतून १८९८ साली कायद्याने सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निर्माण झाला. ट्रस्टने शहरातील कोंदट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि उत्तरेस दादर-माटुंग्याकडे नवे उपनगर आखले. आधी रस्ते, गटारे आणि मोकळ्या जागा, मग घरांचे भूखंड, असा त्या आखणीचा क्रम होता.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान दिले. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर ती साडेत्रेसष्ट अंशांहून उभी असू नये, असा त्यांचा आग्रह होता. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे, तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मे अंतर मधे मोकळे हवे. शाळेतल्या भूमितीचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

याच नव्या उपनगरात मंचेरजी जोशी या अभियंत्याने आपल्या समाजासाठी जागा मागितली. आडनाव जोशी असले तरी हे गृहस्थ पारशी होते. मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांना परवडेल असे चांगले घर मिळावे, ही त्यांची तळमळ. त्यांच्या खटपटीने १०३ भूखंड पारश्यांसाठी राखून ठेवण्यात आले. इमारती फार तर तीन मजली, त्यांच्यामधे मोकळी जागा, रस्त्यागणिक वेगळ्या वृक्षांच्या रांगा आणि मध्यभागी पाच उद्याने, असे तिचे रूप ठरले. ती उद्याने आज त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

परंतु माझ्या मते या वसाहतीचे खरे वैशिष्ट्य निराळेच आहे. मुंबईतील इतर पारशी बागांना कुंपणाची भिंत व फाटक असते. येथे ते नाही. घरे एका समाजाची, पण रस्ते साऱ्या शहराचे. पाच उद्यानांत सकाळ-संध्याकाळ माटुंग्याचे, वडाळ्याचे, कोणत्याही जातीधर्माचे लोक फिरावयास येतात.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या गरिबांची घरे ट्रस्टने पाडली, त्यांच्यापैकी बहुतेकांना या टुमदार उपनगरात आसरा मिळाला नाही. ते शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले. चांगली आखणीदेखील कोणाला तरी बाहेर ठेवते, याची जाणीव आपण विसरू नये.

आपल्या ज्ञातीपुरतेच सभासदत्व ठेवता येईल काय, असा प्रश्न काही बंधूंनी विचारला आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा पोटनियम अवैध ठरविला नाही. तेव्हा कायदा कदाचित आडवा येणार नाही. पण कायद्यात बसते ते सारे शोभतेच असे नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. वसाहत अवश्य उभारा. विधवा भगिनी, निवृत्त वृद्ध आणि नोकरीनिमित्त गाव सोडून आलेले तरुण यांना तेथे आधी जागा द्या. मजल्यांच्या लोभाने शेजाऱ्याचा उजेड अडवू नका. मैदान आधी आखा, घरे मागाहून. आणि त्या मैदानाला भिंत घालू नका. आपल्या इमारतींसाठी विटा वाहणाऱ्या मजुरांची मुलेही तेथे आपल्या नातवंडांबरोबर खेळताना दिसली, तर मंडळाने केवळ घरे न बांधता एक चांगला शेजार उभारला, असे मी म्हणेन.