कमरेचा घेर आणि कमरेचा घाट



मागच्या भागात आपण साठीनंतरच्या चालण्याबद्दल बोललो होतो. त्यावर जे प्रश्न आले, त्यांत दोन प्रश्न मी बाजूला काढून ठेवले होते. हैदराबादच्या एका ताईंनी विचारलंय, "सर, माझी कंबर लहानपणापासून सरळसोट आहे. आहार आणि व्यायामानं तिला आकार येईल का?" आणि बडोद्याचे एक गृहस्थ म्हणतात, "वजन सात किलो उतरलं, तरी शर्ट इन केला की पोट दिसतंच. हा माझा मूळचाच बांधा समजायचा का?"

वरवर पाहता दोघांचा प्रश्न एकच आहे. पण ताई विचारताहेत कमरेच्या घाटाबद्दल आणि गृहस्थ विचारताहेत घेराबद्दल. घाट म्हणजे भांड्याचा असतो तसा आकार. घेर म्हणजे टेप लावल्यावर येणारा आकडा. या दोन गोष्टींची गल्लत मी माझ्या घरात केली होती आणि ती महागात पडली. म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

मी डॉक्टर नाही. सिग्नल्समध्ये नोकरी केली आणि कर्नल म्हणून निवृत्त झालो. पण माणसांचे बांधे मात्र मी जवळून पाहिलेत. मध्यंतरी काही काळ जबलपूरला ट्रेनिंग सेंटरमध्ये होतो. सिग्नल्समध्ये सगळ्या प्रांतांची पोरं येतात. हरियाणाचा उंच पोरगा, केरळचा सडपातळ, गढवालचा बुटका पण छातीनं रुंद, आपला सांगली-साताऱ्याकडचा काटक. सगळे एकाच लंगरमध्ये जेवायचे, सकाळी एकच पीटी, एकच दौड, रात्री एकाच वेळी दिवे बंद. काही महिन्यांनी पासिंग आउट परेडला तीच पोरं ओळखू येत नसत. पोटं आत गेलेली, खांदे भरलेले, मान ताठ.

पण गंमत अशी की रांगेत बाजूनं बघितलं की सगळी सारखी दिसायची. समोरून बघितलं तर मात्र प्रत्येकाची कंबर वेगळी. एकाचं धड इंग्रजी व्ही अक्षरासारखं, दुसऱ्याचं काखेपासून मांडीपर्यंत सरळ. दोघंही तितकेच फिट, दौडीत दोघंही पुढे. अन्न तेच, कष्ट तेच, पण घाट ज्याचा त्याचा राहिला.

असं का होतं? सोपं आहे. आता ऐकता ऐकता एक गोष्ट करून बघा. उभे राहा. कुशीवर हात ठेवा. वर सगळ्यात खालची बरगडी लागेल, खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ लागेल. या दोघांच्या मध्ये तुमची किती बोटं मावतात? कुणाची चार मावतील, कुणाची जेमतेम दोन. जिथं अंतर जास्त, तिथं कंबरेला आत वळायला जागा असते. जिथं बरगड्या रुंद आणि कमरेच्या हाडाच्या अगदी जवळ, तिथं वळायला जागाच नसते. त्यात कमरेचं हाड अरुंद असेल तर कंबर सरळ दिसणार. हे आई-वडिलांकडून आलेलं असतं, आणि वाढीचं वय संपलं की सांगाडा ठरून जातो. कोणतंही डाएट बरगडी वर सरकवत नाही आणि कोणतीही बैठक कमरेचं हाड रुंद करत नाही.

दुसरा भाग चरबीचा. ती किती साठते हे बरंचसं आपल्या हातात आहे. कुठं साठते हे मात्र नाही. ते अनुवंश आणि हार्मोन ठरवतात. तरुण वयात बायकांमध्ये इस्ट्रोजेनमुळे चरबी मांड्या आणि नितंबांवर जास्त बसते. पाळी गेल्यावर तीच पोटाकडे येऊ लागते. "माझं खाणं तेवढंच आहे, मग कंबर कुठं गेली?" असं पन्नाशीतल्या बहिणी म्हणतात, ते खोटं नसतं. शिवाय वयानुसार मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, उंची थोडी कमी होते, बरगड्या खाली येतात. मधला ऐवज मग पुढे येतो.

आणि पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी जळते, हेही डोक्यातून काढा. १९७१ साली टेनिसपटूंच्या हातांची मोजणी प्रसिद्ध झाली होती. टेनिसवाला एकाच हातानं वर्षानुवर्षं खेळतो. त्या हाताचे स्नायू मोठे निघाले, पण त्यांच्यावरची चरबीची जाडी दोन्ही हातांना सारखीच निघाली. चरबी सगळ्या अंगाच्या खात्यातून खर्च होते. कुठली आधी आणि कुठली शेवटी, ते शरीर ठरवतं. आणि ते घामाचे पट्टे? त्यानं घाम जातो. दोन ग्लास पाणी प्यालात की तो परत आला.

आता घरातली गोष्ट. ही मी मुलीला विचारून सांगतोय. ती म्हणाली, "बाबा, सांगा. पण चूक तुमची होती हेही सांगा."

आमचं पोस्टिंग तेव्हा सिकंदराबादला होतं. मुलगी सतरा वर्षांची. उंची पाच फूट चार इंच, वजन चोपन्न किलो. म्हणजे काहीही कमी-जास्त नाही. घरात मावसबहिणीच्या लग्नाची खरेदी चालली होती. हिनं घागरा घालून दाखवला आणि मी जेवणाच्या टेबलावरून म्हणालो, "तुझी कंबर अगदी आजीसारखी. सरळ ओंडका!" सगळे हसले. तीही हसली.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "बाबा, मला कंबर बारीक करायची आहे." मला काय, आनंदच झाला. पोरगी फिटनेसचं मनावर घेतेय! मी फौजी पद्धतीनं कार्यक्रम आखून दिला. फ्रिजवर तक्ता लावला. दर रविवारी टेप. आकडा कमी झाला की शाबासकी. झाला नाही तर मी काही बोलायचो नाही, पण न बोलणंही मुलांना ऐकू येतं.

चार-पाच महिन्यांत वजन पंचेचाळीसवर आलं. कमरेचा घेर सत्तर सेंटीमीटरवरून सहासष्टवर आला. पण आरशात कंबर सरळच, कारण बाकीचं अंगही तेवढंच उतरलं होतं. म्हणून ती आणखी कमी खाऊ लागली. दुपारचा डबा मैत्रिणींना द्यायची. केस गळत होते, पाळी बंद झाली होती, हे तिच्या आईला उशिरा कळलं आणि मला त्याहून उशिरा. एक दिवस कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. हनुवटीला तीन टाके पडले.

दवाखान्यात एक तरुण लेडी मेजर होत्या. त्यांनी तिला तपासलं, मग मला आत बोलावलं. मघाशी तुम्हाला सांगितला तो बोटांचा प्रयोग त्यांनी तिच्यावर करून दाखवला. दोन बोटं. मग म्हणाल्या, "सर, ही हाडाची रचना आहे. हिला अजून दहा किलो उतरवाल, तरी हे अंतर दोन बोटांचंच राहील. तुम्ही हिला अशक्य टार्गेट दिलंय." अख्ख्या नोकरीत इतकं सरळ मला कोणी सुनावलं नव्हतं.

तक्ता मी त्याच रात्री फाडला. पण तो फाडून भागलं नाही. ती पोटभर आणि न घाबरता जेवायला लागली त्याला दोन वर्षं लागली. मधे समुपदेशन झालं, औषधं झाली. आज ती ठीक आहे, तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे. कंबर अजूनही आजीसारखीच आहे. आजी ब्याण्णव वर्षं जगली, शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर. मी हिणवत होतो तो बांधा असा होता.

तर हैदराबादच्या ताई, तुमचं उत्तर हे. मूळचा घाट बदलत नाही. थोडं दिसणं बदलतं. खांद्यांचे, पाठीचे, नितंबांचे स्नायू भरले की त्यांच्या तुलनेत कंबर बारीक दिसते. पाठ ताठ ठेवली, पोटाचे आतले स्नायू मजबूत केले की पोट सुटं लोंबत नाही. तेवढं जरूर करा. बाळंतपणानंतर पोटाच्या मधल्या स्नायूंत फट राहिली असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. आपल्या मनानं क्रंचेस सुरू करू नका. पण वजन मुळात योग्य असेल, तर घाटासाठी उपाशी राहू नका.

आता बडोद्याचे काका. तुमच्या बाबतीत मी बरोबर उलटं सांगणार आहे. त्यासाठी माझीच गोष्ट ऐका.

मी कायम किडकिडीत. उंची पाच फूट आठ इंच, वजन अडुसष्ट. निवृत्तीनंतर इंदूरला आलो. सकाळी पोहे-जिलेबी, संध्याकाळी शेव, रात्री मित्रांबरोबर दोन पेग. पोट थोडं पुढे आलं, तर मी म्हणायचो, हा आमच्या घराण्याचा बांधा. पँट चौतीसचीच लागते ना, मग झालं! खरं असं होतं की पँट मी पोटाच्या खाली बांधत होतो. पोट वर मोकळं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी रक्त तपासलं तर मधुमेह. डॉक्टरांनी टेप लावला : चौऱ्याण्णव सेंटीमीटर.

मुलीच्या वेळी मी हाडाला चरबी समजलो. स्वतःच्या वेळी चरबीला हाड समजलो.

आपल्या लोकांचं हे दुखणं जगाला दाखवलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काटा तोच, आतला माल वेगळा. आपण भारतीय बारीक दिसतो, पण पोटाच्या आत, आतड्या-यकृताभोवती चरबी साठवतो. मधुमेह आणि हृदयविकाराला तीच जास्त आमंत्रण देते.

म्हणून आपल्याकडे घेराची मर्यादाही कडक धरतात. पुरुषांना ९० सेंटीमीटर, स्त्रियांना ८०. आणखी सोपं लक्षात ठेवायचं तर घेर आपल्या उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. टेप बेंबीखाली पँटच्या जागी लावू नका. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर लावा, टेप जमिनीला समांतर, श्वास सहज सोडलेला. पोट आत ओढून फसवाल ते स्वतःलाच.

आणि चांगली बातमी अशी की ही आतली चरबी व्यायामाला लवकर दाद देते. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. दोन दिवस ताकदीचे व्यायाम : खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, जमत असेल तर वजनं. वजन उतरवताना हे सोडलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. ताटात भात-पोळी निम्मी करा, डाळ, उसळ, ताक, अंडं, भाजी वाढवा. शेवेचा डबा टेबलावरून कपाटात आणि कपाटातून दुकानात परत. दारू जितकी कमी तितकं बरं. मी सोडली. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर हे सगळं डॉक्टरांना सांगूनच करा.

मला एक वर्ष लागलं. वजन पाच किलो उतरलं, घेर चौऱ्याण्णवचा सत्त्याऐंशी झाला. साखर आटोक्यात आली, एक गोळी कमी झाली. पोट अगदी सपाट झालं का? नाही. शर्ट इन केला की थोडं दिसतं. तुमचे सात किलो उतरलेत, काका, म्हणजे आतून बरंच काम झालंय. आरसा बाजूला ठेवा, टेप आणि रक्ताचा रिपोर्ट बघा. आकडा अजून नव्वदच्या वर असेल तर त्याला बांधा म्हणू नका. काम चालू ठेवा. खाली असेल तर निवांत राहा.

शेवटी एकच विनंती, विशेषतः आम्हा वडीलधाऱ्यांना. घरातल्या मुला-मुलींच्या शरीरावर जेवणाच्या टेबलावर विनोद करू नका. व्यायामाला नेऊच, पण पळताना दम किती टिकतो ते मोजू, कंबर नको. मी फाडलेल्या तक्त्याच्या जागी आज फ्रिजवर माझा स्वतःचा तक्ता आहे. महिन्यातून एकदा टेप लावतो. परवा नातवानं विचारलं, "आबा, माझं पण मोजा ना." मी त्याची उंची मोजली.

जय हिंद.