घरातील तेल व हृदयाचे आरोग्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आज मजवर जो विषय सोपविला आहे, त्यावर बोलण्याचा माझा अधिकार अगदीच अल्प आहे. मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशा पत्करला आणि उभी हयात मुलांना गणित व सामान्य विज्ञान शिकविण्यात घालविली. तथापि गतवर्षीची स्मरणिका चाळताना श्रद्धांजलीच्या पानावर माझी नजर खिळली. पन्नाशीच्या आतबाहेरच्या तीन बंधूंच्या नावाखाली ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ हेच शब्द छापले होते. त्यांपैकी एक माझा विद्यार्थी. चार वर्षांपूर्वी त्या पानावर माझेही नाव यावयाचे; रक्तवाहिनीत वेळेवर जाळी बसली म्हणून आज आपणांसमोर उभा आहे. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, बैठे जीवन अशी या विकाराची कारणे अनेक आहेत, हे मी जाणतो. मी बोलणार आहे ते केवळ तेलाविषयी, कारण माझी चूक तेथे झाली.

रुग्णालयात डॉक्टरांनी मला विचारले, “गुरुजी, घरी महिन्याला तेल किती लागते?” जन्मभर त्रैराशिक शिकविणारा मी निरुत्तर झालो. उत्तर सौभाग्यवतींनी दिले : “पंधरा किलोचा डबा दीड महिना पुरतो. खाणारी आम्ही पाच माणसे.” खाटेवर पडल्या पडल्याच मी हिशेब मांडला. 15,000 ग्रॅम तेल, पाच माणसे, 45 दिवस. म्हणजे माणशी दररोज सुमारे 67 ग्रॅम. बैठे काम करणाऱ्या प्रौढास वरून घेतलेले तेलतूप दिवसाला 20 ते 30 ग्रॅमच्या आसपास पुरे, असे पोषणशास्त्रज्ञ सांगतात. आमचा खप त्याच्या दुपटीहून अधिक भरला. बाहेरचे वडे व फरसाण यांचा हिशेब वेगळाच.

एवढे तेल आमच्या घरी बिनदिक्कत का खपत होते? डब्यावर ठळक अक्षरांत ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापलेले होते म्हणून. मी तूप वर्ज्य केले होते आणि त्या शब्दावर विसंबून फोडणीत पळी रिती करीत होतो. श्रोतेहो, कोलेस्टेरॉल हा पदार्थ प्राण्यांच्या शरीरात तयार होतो. दूधतुपात, अंड्यात, मांसात तो असतो. शेंगदाण्यात, करडईत, नारळात तो म्हणण्याजोगा नसतोच. मिठाच्या पुडीवर ‘साखरविरहित’ असे छापावे, त्यातलाच हा प्रकार! छापलेला शब्द खोटा नव्हता. त्याचा अर्थ मी खोटा लावला.

रक्तातील कोलेस्टेरॉल बहुतांशी आपलेच शरीर तयार करते व यकृत त्याची व्यवस्था पाहते. यकृताच्या पेशींवर रक्तातील एलडीएल नावाचे, ज्यास वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, उचलून आत घेणारे ग्राहक असतात. हा शोध लावणाऱ्या ब्राऊन व गोल्डस्टाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले. या ग्राहकांना आपण फलाटावरील हमाल समजू. संपृक्त स्निग्ध पदार्थ, म्हणजे थंडीत थिजणारे तूप, खोबरेल यांसारखे, आहारात फार झाले की हे हमाल कमी होतात; माल फलाटावर, म्हणजे रक्तात, पडून राहतो आणि पुढे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचतो. खोबरेल तेलात संपृक्त भाग शेकडा सुमारे 90, तुपात 60 च्या वर, पामतेलात जवळजवळ निम्मा, शेंगदाण्याच्या तेलात 20 च्या आत, तर करडईत 10 च्या आसपास असतो.

मग सर्वांनी करडईच खावी काय? मी सोलापूर भागातला. करडईचा अभिमान मला उपजतच आहे. परंतु एक हकिकत सांगणे भाग आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे 1966 ते 1973 या काळात, हृदयविकार नुकताच होऊन गेलेल्या 458 पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यांतील सुमारे निम्म्यांना लोण्यासारख्या पदार्थांऐवजी करडईचे तेल व त्याचेच मार्गारीन देण्यात आले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. परंतु 2013 साली त्या जुन्या नोंदींची फेरतपासणी प्रसिद्ध झाली तेव्हा दिसले की, मृत्यू करडईच्या गटातच अधिक झाले होते, शेकडा 17.6, तर दुसऱ्या गटात 11.8. यावरून करडई विषवत् ठरत नाही. प्रयोग लहान होता, आणि दोष मार्गारीनचा असण्याचाही संभव आहे. उलट अशा अनेक प्रयोगांच्या 2020 मधील एकत्रित छाननीत, संपृक्त स्निग्धांश कमी करणाऱ्यांना हृदयविकाराचे झटके व तत्सम प्रसंग कमी आले, असेच आढळले. परंतु तेव्हापासून एकाच तेलाची भक्ती मी सोडली. आमच्या घरी आता शेंगदाण्याचे व करडईचे तेल आलटून पालटून येते. या दोहोंत ज्या ओमेगा-3 अंशाची उणीव आहे, तो जवसाच्या चटणीतून मिळतो. ही चटणी आमची आजी पाट्यावर वाटीत असे, आणि मी ती ‘गावंढळ’ म्हणून नाकारीत असे!

आता वनस्पती तुपाविषयी. माझ्या बालपणी घरोघर त्याचा पिवळा डबा असे. रिकामा झाला की त्यात तुळस लागे. तेलात निकेल धातूच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करीत. शंकरपाळी खुसखुशीत होई आणि किंमत तुपाहून कमी, म्हणून गरिबाने ते आपलेसे केले. त्यास दोष कोणत्या तोंडाने द्यावा? परंतु या क्रियेत ट्रान्स नावाचे जे स्निग्धांश निपजतात, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवितात व चांगले कमी करतात, हे 1990 साली हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आपल्या देशात अशा पदार्थांतील ट्रान्स अंशावर 2022 पासून शेकडा 2 ची मर्यादा आहे. तरीही खारी व नानकटाई आता निर्धोक झाली, असे मी म्हणणार नाही. ट्रान्स गेले, तरी घट्टपणासाठी पामतेलाचे संपृक्त अंश पुष्कळदा असतातच.

भगिनी मला लाकडी घाण्याविषयी नेहमी विचारतात. घाण्याच्या तेलास वास व चव उत्तम, काही पोषक अंशही टिकतात. परंतु त्यातील स्निग्धांशांचे प्रमाण बदलत नाही. 67 ग्रॅम घाण्याचे तेल हे 67 ग्रॅमच! शिवाय बुरशी लागलेला दाणा घाण्यात गेला, तर त्याचे विष तेलात उतरू शकते. यास्तव दाणा पाहून घ्यावा.

शेवटी एक कबुली. गतवर्षी भोजन समितीचा प्रमुख मी होतो. शनिवारी पुऱ्या तळून उरलेले तेल काळपट झाले होते. आचाऱ्याने ते टाकू काय, असे विचारले. मंडळाचा पैसा वाचावा म्हणून मी ते गाळून ठेवावयास सांगितले आणि रविवारची भजी त्यातच तळली गेली. पुनःपुन्हा तापविलेल्या तेलात घातक द्रव्ये साठतात. त्यांचे प्रमाण शेकडा 25 च्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम 2018 पासून लागू आहे. कढईत ते मोजणार कोण? परंतु काळा रंग, फेस व धूर हे माझ्या डोळ्यांना दिसत होते. त्या पंगतीत श्रद्धांजलीच्या पानावरील माझा तो विद्यार्थीही जेवला होता. त्या भज्यांनी त्यास काही झाले, असे मी म्हणत नाही. तरी ती कढई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

यंदा समितीने तेल पानांच्या संख्येवरून मोजून आणले आहे. पुरीऐवजी पोळी आहे, जवसाची चटणी आहे, भजी नाहीत. ज्यांची निराशा होईल, त्यांनी आचाऱ्यास बोल न लावता मजकडे यावे; मी पहिल्या पंगतीत वाढावयास आहे.