तातडी येण्याआधी



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातली गावे जमीनदोस्त केली. तीव्रता सहाच्या किंचित वर, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरी हजारो माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली व माळवदांखाली गेली. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर 1992 मध्ये, त्या परिसराला लहान धक्के बसले होते. त्यांची भीती ओसरली आणि रोजच्या कामांनी पुन्हा जागा घेतली. भूकंपाची वेळ कुणालाच सांगता येत नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. गावकऱ्यांना दोष देणे तर अन्यायच. हा टापू तेव्हा भूकंपापासून सुरक्षित समजला जाई. पण भिंत सुधारायला भूकंपाची तारीख कळावी लागत नाही. धक्क्यांनंतरचे ते शांत महिने घरे तपासण्याचे होते, आणि ते काम शासनाचे व जाणकारांचे होते.

याच्या उलट, शांत काळातच काम करण्याचे उदाहरण धाराशिव जिल्ह्यातल्याच अणदूर गावात आहे. तिथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतल्या साध्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ घडवल्या. गरोदर बाईच्या अंगावरची सूज, लेकराचे घटलेले वजन, म्हाताऱ्याचा वाढलेला रक्तदाब या गोष्टी त्या दिवशी कुणालाच तातडीच्या वाटत नाहीत. गावातल्याच बाईने त्या वेळीच पाहिल्या, तर रात्री गाडी शोधत शहर गाठण्याची पाळी टळू शकते. मला हे काम मोठ्या रुग्णालयाइतकेच मोलाचे वाटते.

तुम्ही म्हणाल, हातावर पोट असलेल्याला एवढी सवड कुठली? फी, पेरणी, कर्जाचा हप्ता यांतच दिवस सरतो. हे खरे आहे. मात्र उशिराचा भुर्दंडही त्यालाच सर्वांत जड जातो. श्रीमंताला चुकलेले काम पैसे टाकून सावरता येते. म्हणून प्रश्न सवडीचा नाही, दिवस ठरवण्याचा आहे. आपल्या खंडोबाची मूर्ती दरवर्षी सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने शेजारच्या नळदुर्गला असते. निघण्याची वेळ ठरलेली असते. पीक कसे आहे, हातात पैसा किती, यावर ती अवलंबून नसते. आठवड्यातला एक तास तसाच बांधून घ्या.

त्या तासात काय करायचे? नोकरीचे अर्ज करताना दुसरे एखादे कौशल्य शिका. आईवडिलांचा रक्तदाब तपासून घ्या. आजोबा जाऊन वर्षे लोटली आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचेच नाव असेल, तर भावाभावांत गोडी आहे तोवर वारसनोंदीचा अर्ज द्या. पदवीच्या झेरॉक्स काढायला जाल, त्याच फेरीत तलाठी कार्यालयातही जाऊन या.