उपासाचे वस्त्र



ख्रिस्ती उपासनेतील वस्त्रे व पडदे हा विषय मी मागून घेतला, तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांना थोडे नवल वाटले. मी धर्मशास्त्राचा पंडित नव्हे, ख्रिस्तीही नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु माझे वडील गिरणीत साचाखात्यात होते, आणि मी स्वतः गेली तीस वर्षे यंत्रमाग कामगारांत काम करतो. कापड दिसले की ते कोणी विणले, हा प्रश्न माझ्या मनात आधी उभा राहतो. त्या प्रश्नाचे बोट धरूनच मी या विषयापाशी आलो.

चर्चमध्ये वस्त्राला मोठा मान आहे. वेदीवर शुभ्र लिननची चादर असते, मिस्सेच्या प्याल्याखाली घडीचा रुमाल असतो, आणि धर्मगुरूंच्या झग्याचे रंग सणावारांप्रमाणे बदलतात. हे लिनन म्हणजे काय? आपण ज्याची चटणी खातो, त्या जवसाच्याच झाडाच्या काड्यांचे सूत. काड्या पाण्यात कुजवायच्या, कुटायच्या, विंचरायच्या, मग सूत काढायचे, विणायचे आणि उन्हात पांढरे करायचे. शुभ्रतेमागे एवढी खटपट आहे.

या सर्व वस्त्रांत एका वस्त्राची कथा आज सांगावयाची आहे. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो. युरोपात सुमारे एक हजार वर्षांपूर्वीपासून अशी चाल पडली की, या दिवसांत वेदीसमोर एक भला मोठा पडदा टांगावयाचा. पोटाने उपास करावयाचा तो केलाच, पण डोळ्यांनीही करावयाचा. देवाचे दर्शनसुद्धा मिळवावयाचे नाही. जर्मन भाषेत याला उपासाचे किंवा भुकेचे वस्त्र म्हणतात. पवित्र आठवड्याच्या बुधवारी येशूच्या मरणाचा वृत्तांत वाचला जाई. त्यात यरुशलेमच्या मंदिराचा पडदा फाटल्याचा उल्लेख आहे. अनेक ठिकाणी नेमक्या त्या शब्दांवर चर्चमधला पडदा खाली पाडीत.

आपणांस हे परके वाटू नये. आपल्या लग्नात अंतरपाट धरतात. मंगलाष्टके संपली की तो दूर होतो आणि वधूवर एकमेकांना पाहतात. दोन्हीकडे पडदा धरावयाचा तो दूर करण्यासाठीच.

आरंभी ही वस्त्रे साधी असत. पुढे त्यांवर चित्रे आली. ऑस्ट्रियातील गुर्क येथे १४५८ चे असे वस्त्र आहे. त्यावर ९९ चित्रे आहेत आणि उपवासकाळात ते अजूनही टांगतात. पण मला अधिक बोलके वाटते ते झिट्टाऊ गावचे. आज जर्मनी, पोलंड आणि चेकिया यांच्या सीमा जेथे मिळतात, तेथे हे गाव आहे. तेथील वस्त्र १४७२ चे, ८.२० मीटर उंच, ६.८० मीटर रुंद. दहा ओळींत नऊ-नऊ, अशी ९० चित्रे. निम्मी बायबलच्या जुन्या करारातील, निम्मी नव्या करारातील. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याने चित्र वाचावे.

एवढा पन्हा एका मागावर निघत नाही. पट्टे विणून ते एकमेकांस जोडावे लागतात. किती घरांत किती हात या कामाला लागले असतील! त्यांतले एकही नाव आपणांस ठाऊक नाही. चित्रकाराचेही नाही. नाव राहिले आहे ते याकोब ग्युर्टलर या व्यापाऱ्याचे. तो मसाल्याचा आणि धान्याचा व्यापार करी. वस्त्र त्याने दान दिले. भुकेच्या वस्त्रावर धान्याच्या व्यापाऱ्याचे नाव राहावे, यातली गंमत मी आपणांवरच सोडतो.

पुढे गाव ल्यूथरच्या मताचे झाले. ल्यूथरला हे पडदे मान्य नव्हते. तरी झिट्टाऊच्या लोकांनी ते १६७२ पर्यंत वापरले. मग ते अडगळीत गेले, आणि १८४० मध्ये नगरपालिकेच्या ग्रंथालयात पुन्हा सापडले. १९४५ मध्ये, महायुद्धाच्या अखेरीस, सोव्हिएत सैनिकांनी ते कापून त्याचे तुकडे केले आणि ओयबिनच्या डोंगरावर आपल्या वाफेच्या न्हाणीघराला आडोसा म्हणून लावले. वाफेने रंग उडाले. नंतर लाकडे गोळा करणाऱ्या एका माणसाला ते तुकडे रानात मिळाले, आणि त्याने ते परत आणून दिले. १९९४-९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील आबेग संस्थेने त्यांची दुरुस्ती केली. १९९९ पासून ते वस्त्र झिट्टाऊच्या एका जुन्या चर्चमध्ये सर्वांना पाहावयास ठेवले आहे. रंग गेलेले भाग तसेच राहू दिले आहेत, आणि तेथे नुसते लिनन दिसते. मला वाटते, विणकर त्या उघड्या जागेतच भेटतो.

जर्मन भाषेत आजही अन्नाला महाग झालेल्या माणसाविषयी म्हणतात की, तो भुकेचे वस्त्र कुरतडतो आहे. जाणकार सांगतात की, मूळ शब्द ‘कुरतडणे’ असा नव्हता, ‘शिवणे’ असा होता. म्हणजे भुकेचे वस्त्र शिवणारा तोच भुकेचा धनी!

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. चाळीत दारे कधी लावीत नसत. एकाच्या घरची फोडणी दहा घरांना कळे. संपाला काही महिने झाले, आणि जेवणाच्या वेळी दारांवर लुगडी दिसू लागली. आईनेही आपले एक जुने नऊवारी दाराला बांधले. मी कारण विचारले. ती म्हणाली, “वारा येतो रे.” वारा नव्हता. आत चूल पेटली नव्हती, आणि ते शेजारणीला दिसावयास नको होते. शेजारणीच्या दारावरही लुगडे होते.

मित्रहो, उपास आणि उपासमार यांत फरक आहे. उपास माणूस स्वतः धरतो आणि त्याचा चाळिसावा दिवस त्याला ठाऊक असतो. उपासमारीला ईस्टर नसतो. चर्चमधला पडदा पोट भरलेल्याला भूक शिकवीत होता. आमच्या दारावरचा पडदा भूक झाकीत होता. त्या पडद्याआड आम्ही प्रत्येक जण एकटे पडलो. संप मोडण्यास पुष्कळ कारणे होती; हेही त्यांतले एक होते, असे मी मानतो.

म्हणूनच शेवटची हकीकत मला महत्त्वाची वाटते. जर्मनीच्या कॅथलिक चर्चने जगातील भुकेविरुद्ध काम करण्यास १९५८ मध्ये मिझेरिओर ही संस्था काढली. १९७६ मध्ये तिने उपासाच्या वस्त्राची जुनी चाल नव्याने सुरू केली, आणि पहिले वस्त्र रंगविले ते आपल्या भारतातील चित्रकार ज्योती साही यांनी. तेव्हापासून निरनिराळ्या देशांच्या चित्रकारांची वस्त्रे तेथील चर्चमधून लागत आली आहेत. पूर्वी वस्त्र देवाला झाकी. आता ते दूरच्या माणसांची भूक दाखवू लागले. कापड तेच, काम उलट झाले.

आज माझ्या संघटनेतील माग बंद पडला की मी त्या घरी जेवणाच्या वेळीच जातो. पुष्कळांना ते बरे वाटत नाही. पण दाराला काही बांधलेले असले, तर ते बाजूला सारून आत जाण्याचा माझा रिवाज आहे. आपणही तो पाळून पाहावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.