टिकलीची शाळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



साठी उलटल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, नाहीतर भजनी मंडळात नाव घालतात. माझ्याकडे मात्र साठीनंतर कुत्र्याचं पिल्लू आलं. आयुष्यातलं पहिलंच. नातीचा हट्ट होता. आठ आठवड्यांचं लॅब्रॅडॉर, पिवळसर अंग आणि टिकलीएवढं काळं नाक. म्हणून नाव टिकली.

पुण्यातल्या सोसायट्यांमधून आज लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल पैशाला पासरी दिसतात. ही सगळी मंडळी मुळात पक्ष्यांच्या शिकारीसाठी तयार केलेली आहेत, हे आपल्या ध्यानात नसतं. रिट्रीव्हर म्हणजे पडलेला पक्षी शोधून आणून देणारा. कॉकर हे नाव वुडकॉक या पक्ष्यावरून पडलं. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या उमरावांनी त्यांना बदकांच्या शिकारीला जुंपलं. बोटांमधले पडदे, पाण्यात सुकाणूसारखी चालणारी जाड शेपूट आणि पक्ष्याला दात न लावता उचलणारं मऊ तोंड, हा सगळा त्याच कामाचा सरंजाम. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर तो पायपुसणी पळवण्याच्या कामी येतो!

मला या विद्येची तोंडओळख लहानपणी झाली होती. वडिलांचे एक स्नेही होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. साठच्या दशकात ते परवाना काढून तितर, लावे, हिवाळ्यात बदकं मारायला जात. त्यांच्याकडे एक कॉकर स्पॅनियल होता. मला वाटायचं, शिकारी कुत्रा म्हणजे पक्ष्यावर झेप घालणारा. काका हसले आणि म्हणाले, "झेप त्याला उपजत येते रे बाळा. मी त्याला शिकवतो ते थांबायला."

ते खरंच होतं. जेवणाची ताटली समोर ठेवायची आणि "थांब" म्हणायचं. आधी दोन सेकंद, मग पाच, मग वीस. जुन्या मोज्यात चिंध्या भरून तो फेकायचा, पण पिल्लाला लगेच सोडायचं नाही. "आण" म्हटल्यावरच जायचं आणि "सोड" म्हटल्यावर हातात द्यायचं. पक्षी भुर्रकन उडाला तरी जागचं हलायचं नाही, ही शेवटची परीक्षा. वर्षभर तरी बंदूक पिल्लाच्या जवळ यायची नाही.

टिकली आली तेव्हा मी काकांची हीच शाळा पुन्हा उघडली. लसीकरण पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर उतरवायचं नव्हतं, म्हणून कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत न्यायचो. रिक्षा, शाळेची मुलं, कुकरची शिट्टी, सगळ्याची ओळख करून दिली. पिल्लाचे पहिले तीन-साडेतीन महिने या ओळखींचे असतात. तेव्हा जे पाहिलं त्याची पुढे भीती कमी वाटते. धडा दिवसातून तीन वेळा, पाच-पाच मिनिटांचा. बक्षीस म्हणून गाजराचा तुकडा. लॅब्रॅडॉरला खाण्याचं आमिष फार चालतं, आणि त्यालाही कारण आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात बदल असतो. म्हणून गाजर, बिस्किटं नव्हेत.

पाच महिन्यांची झाली तेव्हा टिकली "बस", "ये", "सोड" झकास करायची. घरात! आणि तिथेच माझा अंदाज चुकला. मे महिन्यातल्या एका सकाळी टेकडीमागच्या माळावर, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, मी तिचा पट्टा सोडला. दोन टिटव्या एकदम ओरडायला लागल्या. माझ्या डोक्यावर झेपावून पुन्हा वर जात होत्या. मी "ये, ये" म्हणून हाका मारतोय आणि टिकली झुडपात. परत आली ती शेपूट हलवत. तोंडात टिटवीचं पिल्लू.

"सोड," म्हटलं, तर तिने ते माझ्या तळव्यावर ठेवलं. लाळेने भिजलेलं, पण जिवंत. अंगावर एक ओरखडा नाही. तिच्या जातीने दीडशे वर्षं जपलेलं मऊ तोंड ते हेच. टिकली माझ्याकडे शाबासकीसाठी पाहत होती, आणि तिला रागावण्याचा मला काहीच अधिकार नव्हता. तिने तिचं काम केलं होतं. चूक माझी होती. पिल्लू झुडपाच्या सावलीत ठेवलं, टिकलीला बांधलं आणि झपाझप लांब गेलो. टिटव्यांचा आकांत बराच वेळ ऐकू येत होता. ते पिल्लू जगलं की नाही, मला आजही माहीत नाही.

टिटवी घरटं बांधत नाही. मार्चपासून ऑगस्टपर्यंत उघड्या माळावर, खड्यांच्या चार-दोन ओळींत अंडी घालते. तितर, लावा, माळावरचे चंडोल, सगळ्यांचा संसार जमिनीवरच. मोकळा सुटलेला कुत्रा त्यांना कोल्ह्याइतकाच घातक. आपल्याला वाटतं, कुत्रा नुसता धावतोय. पक्षी मात्र अंड्यांवरून उठतो आणि मेच्या उन्हात अंडी उघडी पडतात.

घरी येऊन कायदा वाचला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी परवाना घेऊन छोट्या शिकारीला वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो संपला. आणि या कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणं नव्हे. पकडणं, हुसकावणं, पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरटं विस्कटणं हेही शिकारीतच मोडतं. काकांकडे निदान परवाना तरी होता. माझ्याकडे तोही नव्हता.

मग शाळा नव्याने सुरू केली. तीस फुटांचा दोर आणला. मैदानात, बागेत, मग रस्त्याकडेच्या कबुतरांसमोर "थांब". घरातला धडा बाहेर पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. पिल्लाच्या लेखी दिवाणखान्यातलं "ये" आणि माळावरचं "ये" हे दोन वेगळे शब्द असतात.

काकांची आणखी एक युक्ती उपयोगी पडली. बंदुकीच्या आवाजाची सवय करताना ते कुत्रा जेवत असताना लांबच्या खोलीत थाळी वाजवत आणि दर आठवड्याला थोडं जवळ येत. पुण्यात बंदूक नको, पण गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीतले फटाके आहेतच की! मी जूनपासून थाळी वाजवू लागलो. शेजाऱ्यांनी चौकशी केली. पण विसर्जनाच्या दिवशी टिकली पलंगाखाली गेली नाही. नुसते कान टवकारले आणि माझ्या पायाशी येऊन बसली.

डिसेंबरात ती वर्षाची झाली आणि आम्ही सोलापूर रस्त्यावरच्या कवडी पाटला गेलो. मुळा-मुठेच्या पाण्यावर चक्रवाक उतरले होते. काठापासून चांगलं लांब, आखूड पट्ट्यावर तिला बसवलं आणि मी दुर्बीण काढली. थोड्या वेळाने आठ-दहा चक्रवाक आपणहून उठले. डोक्यावरून त्यांची साद गेली. टिकली ताडकन उभी राहिली. पुढचा पाय उचललेला, अंग थरथरत होतं. पट्टा ताणला जाईल म्हणून मी हात घट्ट केला. पण ताण आला नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हळूच "थांब" म्हणालो, आणि ती बसली.

पट्टा मात्र मी सोडला नाही. अजूनही सोडत नाही. ज्यांच्या घरी असं पिल्लू नुकतंच आलं असेल त्यांना एवढंच सांगतो, की माळावर आणि पाणवठ्यावर पट्टा हातात असू द्या, आणि पक्ष्यांसाठी राखलेल्या अभयारण्यात कुत्रा नेऊच नका. "थांब" हा शब्द त्याला शिकवायच्या आधी आपल्यालाच शिकावा लागतो. मला तो एका टिटवीने शिकवला.