पावसाचा आकडा आणि न खोडता येणारी वही



गोंदिया हा भाताचा जिल्हा. येथे पावसाचा आकडा ही केवळ माहिती नव्हे. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या संसाराशी तिचा संबंध आहे. २०१७ मध्ये राज्यात ‘महावेध’ प्रकल्प सुरू झाला आणि महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. मिळालेला आकडा निर्णयापर्यंत बिनचूक कसा पोचवावा, हा पुढचा प्रश्न होय.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदविण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली वही. तीत झालेली नोंद गुपचूप खोडता येत नाही. परंतु या वहीला डोळे नाहीत. सर्व संगणकांचे उत्तर एकच यावे लागते, म्हणून बाहेरची माहिती ती स्वतः आणू शकत नाही. ती आणून देणाऱ्या संगणकास ‘ओरॅकल नोड’ म्हणतात. केनियातील शेतकऱ्यांच्या हवामान-विम्यात ब्लॉकचेनचा प्रयोग झालेला आहे. आपल्याकडे भाताच्या विम्याची भरपाई ठरविताना पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. तरीही या पद्धतीची ओळख करून घेणे हिताचे आहे.

समजा, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एका मंडळाचा पाऊस या वहीत नोंदवावयाचा आहे. त्यासाठी नोडला काम लेखी नेमून द्यावे लागते. त्याच्या चार पायऱ्या असतात: ठरल्या वेळी केंद्राची माहिती मागविणे, तीतून हवा तो आकडा वेचणे, तो वहीच्या मापात बसविणे आणि नोंद पाठविणे. वहीवरील करारांत सहसा दशांश चालत नाही; म्हणून ६४.५ मिलिमीटर हा आकडा दहाने गुणून ६४५ असा लिहावा लागतो. वाचणाऱ्याने पुन्हा दहाने भागले नाही, तर जोरदार पावसाचा महापूर होईल!

काम नेमले म्हणजे संपले नाही. ते तपासलेच पाहिजे. प्रथम ते हाताने चालवून प्रत्येक पायरीचे उत्तर पाहावे आणि मूळ नोंदीशी ताडावे. दुसरे, वेळ पाहावी. आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, तर संगणकाचे घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर चालते. तेथे त्या क्षणी पहाटेचे तीन वाजलेले असतात. हा फरक विसरल्यास कालचा पाऊस आजच्या नावावर जातो. तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची. केंद्र बंद पडून आकडाच आला नाही, तर त्याची नोंद ‘शून्य’ अशी होता कामा नये. पाऊस न पडणे आणि पाऊस न मोजला जाणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अशा वेळी काम थांबावे व जबाबदार माणसास सूचना जावी.

अनेक नोडांचे आकडे घेऊन मधला स्वीकारण्याची रीत आहे. परंतु दहा नोडांनी एकाच बिघडलेल्या केंद्राकडून आकडा आणला, तर दहाही चुकतील. साक्षीदार वेगवेगळे हवेत, तशी त्यांची पाहणीही वेगळी हवी.

म्हणून पर्जन्यमापकाची निगा राखणारा कर्मचारी, मुलांना पाऊस मोजावयास शिकविणारा शिक्षक आणि चुकीच्या आकड्यावर वेळीच बोट ठेवणारा पंचायत सदस्य यांचे महत्त्व कमी होणार नाही, उलट वाढेल. जी नोंद पुसता येत नाही, ती लिहिण्यापूर्वीच पारखून घेतली पाहिजे. शेतकऱ्याला न्याय मिळण्याची सुरुवात तेथूनच होते.